तिसरा मजला, डावीकडे

"पोर माझ्या हातात देऊन इकडेतिकडे जात जाऊ नकोस हं," कुंदाताई म्हणाल्या. "विसरून येईन मी कुठेतरी. मग बसशील शोधत."

मी हसले. त्यांच्या अंबाड्यात आकडे खोचणारी मुलगीही हसली. त्यांनी ते म्हटलंच तसं होतं. 'विसरून येईन' म्हणण्याआधी एक बारीक थांबा, डावी भुवई किंचित वर, आणि पुढचं वाक्य अगदी सपाट, भाजीचा भाव सांगावा तसं. त्या थांब्यासाठी लोक रात्रीची जेवणाची ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचे.

"ताई, तुम्ही पण ना!" असं काहीतरी मी म्हणाले आणि माझ्या शर्वरीचं टोपडं सारखं करायला लागले.

कुंदाताई आरशातून माझ्याकडे बघत राहिल्या. हसल्या नाहीत. पण त्या कधीच हसायच्या नाहीत. समोरच्याला लोळवायचं आणि स्वतः कोरडं राहायचं, यासाठीच तर त्या प्रसिद्ध होत्या.

कुंदा टिपणीस या नावावरून कुणाला चटकन काही आठवायचं नाही. 'तिसरा मजला, डावीकडे' या मालिकेतली नमूआत्या म्हटलं की मात्र चेहरे फुलायचे. भाच्याकडे राहायला आलेली, दर भागात कुणाच्या तरी भलत्याच घरात शिरणारी, सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवणारी नमूआत्या. त्या घरातली माणसं आ वासून बघायला लागली की ती पदर सावरून विचारायची, "अगंबाई, मग माझं घर कुठलं?" या प्रश्नावर भाग संपायचा. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, रिक्षाच्या रांगेत लोक तो प्रश्न एकमेकांना विचारायचे. माझा नवरा कामावरून आला की दारात उभा राहून तोच विचारायचा, आणि मी रोज हसायचे.

मी त्या सेटवर पोचले ती शर्वरीमुळे. मालिकेतल्या भाच्याला मूल झालेलं दाखवायचं होतं. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या मागेच स्टुडिओ, आणि मालिकेचा दिग्दर्शक तुषार खानविलकर माझ्या नवऱ्याचा कॉलेजातला मित्र.

"वहिनी, एक गुबगुबीत बाळ हवंय," तो घरी येऊन म्हणाला. "आठवड्यातून एकदोनदा, तासभर. तुम्ही सोबत असालच."

"पण तुमच्या गोष्टीत नातू आहे ना? ही मुलगी आहे."

"टोपडं घातलं की कोण बघतंय!"

अशी आमची शर्वरी बाब्या झाली.

मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलेलं. त्या शिक्षणाचा नोकरीसाठी उपयोग झाला नाही. काळजी करायला मात्र भरपूर झाला. शर्वरीला घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर मी सॅनिटायझर ओतायचे. दिवे तिच्या डोळ्यांवर येतात म्हणून वाद घालायचे. माझ्यामागे मला 'जंतूवहिनी' म्हणतात हे मला माहीत होतं. कॅमेरा चालू असताना बाळ सोफ्यावर आणि आई सोफ्याच्या मागे उकिडवी, हातात खुळखुळा, अशी तिथली पद्धत. त्या जागेवरून मला फक्त जमीन दिसायची आणि माणसांचे पाय.

त्यामुळे कुंदाताईंचे पाय मी फार बघितले. सेटवरच्या दिवाणखान्याला तीन दारं होती. त्या उठायच्या, दोन पावलं टाकायच्या आणि थांबायच्या. अंगठा जमिनीत रुतवून उभ्या राहायच्या. कुठल्या तरी दारामागून कुणीतरी "आत्या!" अशी हाक मारली की मगच त्या बाजूला वळायच्या. मला वाटायचं, काय बाई अभिनय आहे, कॅमेऱ्यात न दिसणारे पायसुद्धा भूमिकेत असतात!

त्यांच्या मेकअप रूमच्या दारावर, कडीच्या जरा वर, एक लाल टिकली चिकटवलेली असायची. मी एकदा विचारलं.

"दृष्ट लागू नये म्हणून," त्या म्हणाल्या.

"कुणाची?"

"माझीच गं. दुसरं कोण बघतंय माझ्याकडे?"

फावल्या वेळात त्या शर्वरीला मांडीवर घेऊन बसायच्या आणि जुनं काहीबाही सांगायच्या. टपाल खात्यात नोकरी, संध्याकाळी तालमी, राज्य नाट्यस्पर्धेत रौप्यपदकं. लग्न केलं नाही. "रात्री तालमीहून परतणारी सून कोणाला हवी होती?" आयुष्यभर गंभीर भूमिका केल्या. राण्या, विधवा, वेड्या आया. ओळखत कुणी नव्हतं. साठी उलटल्यावर ही मालिका आली आणि भाजीवालाही पिशवी गाडीत आणून द्यायला लागला. चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या नाटकातलं पानभर स्वगत त्या शर्वरीकडे बघत, एक शब्द न अडखळता म्हणायच्या, आणि शर्वरी तोंडात मूठ घालून ऐकत राहायची.

मग मला विचारायच्या, "तू काय शिकलीस गं?"

"जंतूंचं शास्त्र, ताई."

"म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बघायला शिकलीस."

हा प्रश्न त्यांनी मला कितीदा विचारला असेल! दर वेळी मी तेच सांगायचे, त्या तेच म्हणायच्या, आणि आमचा हा ठरलेला खेळ आहे असं समजून मला बरं वाटायचं.

त्या दिवशी बाब्याच्या उष्टावणाचं चित्रीकरण होतं. चांदीची वाटी, मऊ भात, भाचा, भाचेसून, सगळा गोतावळा. दुपारी जेवणाची सुट्टी झाली आणि सेट रिकामा झाला. कुंदाताई सोफ्यावर शर्वरीला घेऊन बसल्या होत्या. मी दुधाची बाटली काढली आणि तिचं बूच खाली पडलं, नेमकं केबलींच्या धुळीत. नुसतं धुऊन मला चालणार नव्हतं. कँटीन बाजूलाच, पाणी उकळतच असायचं.

"ताई, आलेच हं. हे उकळून आणते."

"याला झोप आलीय," कुंदाताई शर्वरीच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या. "घरी नेते."

"न्या, न्या," मी म्हणाले. त्या भूमिकेत आहेत आणि मीही त्यांना साथ देतेय, अशा सुरात.

परत आले तर सोफा रिकामा. खुळखुळा खाली.

मेकअप रूम बघितली. टिकली दारावर होती, आत कुणी नव्हतं. बाथरूम बघितलं. कपड्यांची खोली बघितली. मग जेवणाच्या मांडवात गेले.

"कुंदाताई कुठेयत? शर्वरी त्यांच्याकडे आहे."

तुषारनं पोळीचा घास मोडत वर बघितलं. "अहो वहिनी, नमूआत्या आहे ती. असेल कुणाच्या तरी घरात चहा ठेवत!"

अख्खा मांडव हसला. माझ्याही तोंडावर हसू आलं असावं, कारण सवयच तशी होती. मग बाहेर झाडाखाली मला त्यांचा ड्रायव्हर डबा खाताना दिसला. गाडी शेजारीच, बंद. ताईंना पार्ल्याच्या घरून आणायचं आणि घराच्या दाराशी नेऊन सोडायचं, एवढंच त्याचं काम. ताई एकट्या कुठे जातच नसत. मी पळत फाटकाशी गेले.

"आत्या? गेल्या ना मघाशी," वॉचमन म्हणाला. "बाळ होतं कडेवर. मी म्हटलं, आत्या, आज पण घर चुकलात काय? तर म्हणाल्या, हो ना रे, कुठल्या बाजूला आहे तेवढं सांग. असं म्हणाल्या ना मॅडम, मी तर खुर्चीतून पडायचाच राहिलो!"

"मग?"

"मग काय, मी पण गंमत केली. समोर हात दाखवला."

"समोर कुठे?"

त्यानं हात वर केला, पण त्याचं हसू उतरायला लागलं होतं. समोर सर्व्हिस रोड, त्यावरून सुटलेले डंपर, आणि पलीकडे नव्या इमारतींचं संकुल.

तुषार मागून धावत आला. तो अजून तोंडातला घास चावत होता. "रिक्षा केली असेल त्यांनी. मी पार्ल्याला फोन लावतो, वॉचमनला सांगतो..."

"पार्ल्याच्या घरी बाळ नाहीये," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"त्या म्हणाल्या, याला घरी नेते. याला, म्हणजे बाब्याला. बाब्याचं घर कुठलं?"

"बाब्याचं घर सेटवर आहे वहिनी! थर्माकोलचं! तीन भिंती आहेत त्याला!"

"पत्ता सांगा त्याचा."

तुषारनं समोरच्या इमारतींकडे बघितलं. मालिकेच्या नावातच पत्ता होता, रोज रात्री लागणाऱ्या तिच्या शीर्षकगीतातसुद्धा: तिसरा मजला, डावीकडे.

रस्ता कसा ओलांडला ते मला आठवत नाही. एका डंपरचा हॉर्न तेवढा अजून कानात आहे. संकुलाच्या रखवालदाराला आम्ही काही विचारायच्या आधीच त्यानं दात काढले. "शूटिंगवाले ना? आत्या बी विंगला गेल्या." जिना मी चढले, लिफ्टची वाट बघायला थांबले नाही. पहिला, दुसरा, तिसरा. डावीकडे वळले. एक दार होतं. कडीच्या जरा वर लाल टिकली चिकटवलेली होती.

आतून हसण्याचा आवाज येत होता. आणि त्या हसण्याच्या खालून शर्वरीचं रडणं. भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं. हे वेगळंच होतं, चढत जाणारं.

माझ्याच वयाच्या एका बाईनं दार उघडलं. गाऊनवर घाईघाईनं ओढणी घेतलेली, चेहरा आनंदानं लाल. "या, या! तुम्ही पण युनिटमधल्या ना? आता तरी सांगा, कॅमेरा कुठे लपवलाय? आम्ही पंखासुद्धा तपासला!"

मी तिला बाजूला सारून आत शिरले. स्वयंपाकघराच्या दारात सगळं घर गोळा झालं होतं. आजोबा, शेजारच्या दोघीतिघी, आणि पुढे मोबाइल धरून उभी असलेली कॉलेजातली मुलगी.

ओट्याशी कुंदाताई उभ्या होत्या. नमूआत्याची जांभळी नऊवारी, कपाळ रिकामं. गॅस मोठा केलेला. त्यावर परक्या घराचं पातेलं, पाणी उकळून कडांवरून उसळत होतं. डाव्या कडेवर शर्वरी, पाठीला बाक देऊन रडणारी, आणि तिचा मोजा निसटलेला पाय त्या वाफेच्या वर लोंबत होता. कुंदाताई डबे उघडत होत्या. एक उघडायच्या, आत बघायच्या, लावायच्या. दुसरा उघडायच्या.

"साखर इथेच ठेवते मी," त्या म्हणाल्या. "कुणी हलवली?"

सगळे हसले.

त्या वळल्या. डोळे भरून आले होते, गालांवर मेकअपचे ओघळ होते. एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली, आणि एकाही चेहऱ्यावर टेकली नाही. "अहो, खरंच सांगा ना मला कुणीतरी. माझं घर कुठलं?"

टाळ्या पडल्या. शेजारीण दुसरीला म्हणाली, "डोळ्यांत पाणीसुद्धा आणतात बघ!"

"आत्या, आत्या, एकदा परत म्हणा ना," ती मुलगी मोबाइल सरळ करत म्हणाली. "मघाचं नीट नाही आलं."

आणि कुंदाताईंनी ते परत म्हटलं. तीच जागा, तोच थांबा, डावी भुवई तेवढीच वर. कुणी 'परत' म्हटलं की परत म्हणायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की बाकी सगळं गळून गेलं तरी ते उरलं होतं. खोली हास्यानं फुटली. शर्वरीचा पाय आणखी खाली आला.

मी ओरडले असणार, कारण एकदम सगळं थांबलं. मी गॅस बंद केला, शर्वरीला ओढून घेतलं, तिचा पाय हातात धरला. तळवा लालबुंद झाला होता. फोड नव्हता. मी तो नळाखाली धरला आणि धरूनच ठेवला.

"ही ॲक्टिंग नाहीये का?" मागे आजोबांनी हळूच विचारलं. त्या मुलीनं मोबाइल खाली केला, पण तिचा अंगठा स्क्रीनवर हलत होता.

कुंदाताई माझ्या शेजारी आल्या. शर्वरीच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या मला ओळखत होत्या. त्या क्षणी तरी नक्की.

"तुला म्हटलं होतं ना गं," त्या म्हणाल्या.

त्यात थांबा नव्हता. भुवई जागची हलली नव्हती. त्यांचं हे बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

परतताना ड्रायव्हर गाडी घेऊन आला. रस्ता ओलांडायचाच होता, पण त्यांना चालवेना. मागच्या सीटवर त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. माझ्या मांडीवर शर्वरी. तुषार पुढे बसला होता, मागे न बघता.

"नमूआत्या अशी नव्हतीच," तो म्हणाला.

"कशी?"

"विसराळू. पहिल्या भागांत ती खाष्ट होती. कुणी कधी काय बोललं ते शब्दन् शब्द लक्षात ठेवणारी, सगळ्यांना धारेवर धरणारी. तसंच लिहिलेलं होतं. ताईंचं पाठांतर म्हणजे... म्हणून तर त्यांना घेतलं. मग एकदा त्या चुकीच्या दारातून आत आल्या. शेजाऱ्यांच्या सेटमध्ये. आणि तिथे उभं राहून विचारलं, अगंबाई, मग माझं घर कुठलं? आम्ही सगळे गडबडा लोळलो वहिनी. मी म्हटलं, ताई, कमाल! हेच ठेवू या."

"त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. माझ्याकडे बघत राहिल्या." त्यानं खिडकीची काच खाली केली. "मग त्या जे जे चुकायच्या ते आम्ही लिहायला लागलो. टीआरपी चढला. लेखक त्यांच्या मागे मागे फिरायचे, आज काय विसरतात बघायला."

त्याचा फोन वाजला. वाहिनीच्या ऑफिसातून होता. गाडीतल्या शांततेत पलीकडचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला. "तुषार, अरे काय व्हिडिओ आहे! सगळीकडे फिरतोय! खऱ्या बिल्डिंगमध्ये, खऱ्या लोकांत! आयडिया कुणाची?"

तुषारनं फोन कानापासून दूर धरला. तो आवाज तळहातावर तसाच हसत राहिला. झोपेत कुंदाताईंनी माझा दंड घट्ट धरला.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हे आजचं नाही, बरीच वर्षं चाललं असणार. इतकी माणसं भोवती असताना कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? मालिकेत नमूआत्या काशीला गेली. कुंदाताईंना त्यांची भाची सांगलीला घेऊन गेली. मी एकदा भेटायला गेले होते, शर्वरी तेव्हा चालायला लागली होती. कुंदाताई अंगणात खुर्चीवर होत्या. मला विचारलं, "तू काय शिकलीस गं?" मी सांगितलं. पुढचं वाक्य त्या विसरल्या होत्या. मी वाट बघत थांबले, पण ते आलं नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. त्या रात्री सगळ्या वाहिन्यांवर श्रद्धांजली म्हणून तीच क्लिप होती, ओट्याशी उभ्या असलेल्या कुंदाताईंची. कडेवरचं बाळ रडत होतं, पण ते ऐकू येत नव्हतं. त्यावर हसण्याचा ट्रॅक घातला होता. शर्वरी आता तिसरीत आहे. ती माझ्या शेजारी बसून बघत होती. "आई, ही आजी खरंच रडतेय ना?" तिनं विचारलं, आणि मी टीव्ही बंद केला.

तुमच्याकडेही कुणीतरी असेल. मुलांची नावं उलटीपालटी करणारी मावशी, गिरणीवर दळण विसरून येणाऱ्या सासूबाई, भेटल्या भेटल्या तोच प्रश्न विचारणाऱ्या शाळेतल्या बाई. त्यांचे किस्से तुम्ही रंगवून सांगत असाल, आणि त्या स्वतःही ते सांगून हसवत असतील. एकदा जाऊन या त्यांच्याकडे. फोन करू नका. फोनवर त्या छान बोलतील. 'कशा आहात' असंही विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जा, आणि परतताना मुद्दाम एक पाऊल मागे राहा. कुठल्या दाराशी थांबतात बघा. आणि वाटेत त्या काहीतरी असं बोलल्या की तुम्हाला हसू फुटेल, तर तेवढं एकदा हसू नका. त्यांच्या तोंडाकडे बघा.

आजच जाऊन या.